लिंबाखालचा हात

आप्पा,

तुम्ही गेल्यापासून मी तुमच्याशी मनातल्या मनातसुद्धा बोललेले नाही. तुमच्या तिथीला फोटोला हार तुमचा धाकटा घालतो. मी स्वयंपाकघरात पुरण वाटत असते आणि त्यानं हाक मारली की हात खराब आहेत म्हणून सांगते. तेव्हा आज अचानक माया दाटून आली असं समजू नका. मी कामात अडकले होते. गुंता सोडवत सोडवत मागे गेले तर त्याच्या टोकाला तुम्ही उभे होतात. डोक्याला फेटा, हातात दांडपट्टा, आणि चेहऱ्यावर तोच भाव, की जगात करण्यासारखं जे काही आहे ते मीच करणार.

आधी काम सांगते. बंगळूरची एक लहानशी कंपनी टेबलावर बसून खेळायचे खेळ काढते, त्यांचे नियम मी लिहिते. चार-पाच माणसं बसतात, प्रत्येकजण एकेक पात्र घेतो. कुणी तलवारबाज, कुणी मांत्रिक, कुणी चोर, कुणी वैद्य. आपल्या पात्राला काय येतं आणि काय येत नाही हे प्रत्येकाच्या समोर कागदावर लिहिलेलं असतं. गोष्ट एकानं चालवायची असते. आमच्याकडे ती मी चालवते, म्हणून सगळे मला कारभारीण म्हणतात. समोर गुहा आहे, आत राक्षस आहे, काय करता, असं मी विचारते. ज्याची पाळी असेल तो सांगतो आणि फासा टाकतो. फासा चांगला पडला तर साधलं, नाहीतर मार खाल्ला. तुम्ही ऐकलं असतंत तर म्हणाला असतात, "ह्या वयात भातुकली? आनि त्येचं पैसं देत्यात व्हय?" देतात, आप्पा. शहापूरच्या घरातले माग कधीच निघाले. त्या खोलीत आता माझं टेबल आहे, आणि तुम्ही जिथे खड्ड्यात पाय सोडून धोटा फेकत बसायचात तिथे दर रविवारी दुपारी आम्ही राक्षस मारतो.

माझा गुंता असा होता. कंपनीला नव्या खेळात एक असं पात्र हवं होतं ज्याला तलवारही येते आणि मंत्रही. मी त्याचं नाव मंतरपटाईत ठेवलं. लोकांना हे पात्र फार आवडतं, आणि खेळाची वाट हेच लावतं. कारण सरळ आहे. तलवारबाजाला मंत्र येत नाही, मांत्रिकाला मार सोसत नाही, म्हणून दोघांना एकमेकांची गरज लागते. ज्याला दोन्ही येतं त्याला कुणाचीच गरज उरत नाही. मी तलवार अर्धी केली, मंत्र अर्धा केला, तर तो कुणालाच नको झाला. एक ना धड भाराभर चिंध्या असलं पात्र घेऊन बसणार कोण? मग मंत्र म्हणताना तलवार म्यान करावी लागेल असं लिहिलं. धाकटा म्हणाला, "म्यान हायच न्हाय माज्याकडं, आक्का. म्यान पायजेच असं कुठं लिवलंयस?" मग दिवसाला ठरावीकच मंत्र अशी वेसण घातली. तो पहिल्याच लढाईत सगळे वापरून टाकायचा आणि राक्षस पडला की म्हणायचा, आता सगळ्यांनी झोपायचं, सकाळी मंत्र परत येतात.

होय, मंतरपटाईत धाकटाच खेळतो. साड्यांच्या दुकानात दिवसभर घड्या घालून आलेला तुमचा मुलगा, केस पिकलेला, टेबलावर बसला की वेगळा होतो. त्यानं आपल्या पात्राचं चित्र स्वतः काढलंय. चित्र यथातथाच आहे, पण तलवारीची मूठ धरलेला हात मोठा काढलाय आणि त्या हाताचा अंगठा चांगला ठळक, नखासकट. म्हणून हे पात्रच काढून टाकते असं मला कंपनीला लिहिता येईना. पात्र काढलं तर त्याचा तो हात काढल्यासारखं झालं असतं. आणि ठेवलं, तर बाकीच्यांना काम उरत नव्हतं. आमच्यात एक नर्स आहे, वडगावची. तिला मी वैद्य हो म्हटलं तर म्हणाली, दवाखान्यात तेच करते, इथं मला चोर व्हायचंय. तिला फारसं काही वाटत नव्हतं, ती राक्षसाच्या घरात चोऱ्या करत मजेत असायची. पण खानापूरकडचा एक मुलगा आहे, घरी भातशेती, स्वतः इथं बँकेत. तो साधा तलवारबाज खेळतो. त्याच्यापर्यंत राक्षस जिवंत पोचतच नव्हता. हळूहळू तो पाळी येईपर्यंत मोबाइल बघायला लागला, आणि एका रविवारी पिशवी उचलून म्हणाला, "आक्का, फुडच्या आयतवारी मी येत न्हाय."

"का रं?"

"मी येऊन काय करू? ह्यो हायच की सगळं करायला."

रागानं नाही म्हणाला. साधं, थकल्यासारखं म्हणाला. आणि माझ्या डोळ्यांसमोर आई उभी राहिली, कारण हे वाक्य तिचं होतं. "हे हायत की सगळं करायला." लग्न होऊन आली तेव्हा तिला रंग कळायचे. साडीच्या कुठल्या अंगाला कुठला काठ खुलेल हे ती सुताची लडी नुसती हातात धरून सांगायची, आजूबाजूच्या मागवाल्या बायका तिला विचारायला यायच्या. तुम्ही तिनं काढून ठेवलेल्या लड्या बाजूला सारायचात आणि दुसऱ्या घ्यायचात. तुमच्या वाईट नव्हत्या, हे मी कबूल करते. पण काही वर्षांनी तिनं लड्यांकडे बघायचंच सोडलं. बाया आल्या की म्हणायची, हे हायत की. तुम्हाला माग यायचा, तालमीत पोरांना पट्टा आणि लाठी शिकवायला यायची, विंचू उतरवायला यायचा, कावीळ उतरवायला यायची, भांडणं मिटवायला यायची. जांबोटीपासून माणसं तुमचं नाव विचारत यायची. घरात मात्र आम्ही तिघं तुमचा खेळ बघत बसलेलो असायचो. आमची पाळी कधी येतच नव्हती.

खोटं कशाला बोलू, माझी एक पाळी होती. वर्षातून एकदा यायची आणि ती तुमच्या पाळीच्या आत दडलेली असायची.

तुमचा शेवटचा खेळ लिंबाचा. जांबोटीकडच्या एका गावच्या यात्रेत देवळापुढच्या पटांगणात दुपारी तुम्ही तो करायचात. लाठी झाली, पोरांच्या उड्या झाल्या, की हलगी थांबते. मी गुडघ्यांवर बसते, उजवा हात लांब करते, तळवा वर. तुम्ही लिंबू ओंजळीत धरून ओठांतल्या ओठांत मंत्र म्हणता, ते माझ्या तळव्यावर ठेवता आणि खाली वाकून फुंकर घालता. निपाणीच्या तंबाखूचा वास येतो. मग फेट्याच्या शेमल्यानं कुणीतरी तुमचे डोळे घट्ट बांधतं आणि तुम्ही पट्टा फिरवत माझ्याभोवती फिरू लागता. पातं शीळ घालतं. तुम्ही कधी पाठीमागे असता, कधी डावीकडे. मग थांबता. लोकांचा श्वास अडकलेला. मी 'हं' म्हणते. अगदी हळू, हुंकारासारखं, पुढच्या रांगेतल्या माणसालाही ऐकू जाणार नाही इतकं. पातं येतं आणि लिंबाच्या दोन फोडी होतात. माझ्या तळव्याला नुसता रस लागतो.

तो 'हं' तुम्ही मला शिकवला नव्हता. मी नऊ वर्षांची असताना मागच्या परसात पहिल्यांदा बसवलंत, तेव्हा भीतीनं तोंडातून निघून गेला आणि तुमचा वार बरोबर पडला. त्याआधी सरावाला तुम्ही आईचा हात घ्यायचात. तिच्या तळव्यावर आडवी पांढरी रेघ होती, विचारलं तर इळी लागली म्हणायची. इळीनं तशी रेघ उठत नाही, हे मला स्वतः भाजी चिरायला लागल्यावर कळलं. पण माझ्या हुंकारानंतर पुन्हा कधी चुकलं नाही. पुढे मी दर वेळी तो द्यायला लागले आणि तुम्ही दर वेळी त्याच्यासाठी थांबायला लागलात. फिरून फिरून दिशा हरवलेल्या माणसाला तेवढा आवाज पुरायचा, तोंड इथं आहे म्हणजे हात तिथं. यावर आपण एका शब्दानंही कधी बोललो नाही. लोक लिंबाच्या फोडी उचलून डोळ्यांना लावायचे. "काय मंतर हाय गा वस्तादाचा!" म्हणायचे. तुम्ही मिशीवर हात फिरवायचात आणि मी तळवा परकराला पुसून उठायचे.

एकदा तुम्हाला म्हटलं होतं, मला पट्टा शिकवा. तुम्ही हसून म्हणालात, "हात धरनाऱ्यानं हात धरावा." विषय संपला.

मग मी तेरा वर्षांची झाले आणि बाजूला बसू लागले. यात्रेच्या आदल्या दिवशी आईनं तुम्हाला सांगितलं. माझ्याशी तुम्ही काही बोलला नाहीत. सकाळी टेंपोत सामान चढवताना धाकट्याला म्हणालात, "चल रं, औंदा तू बसायचं." तो तेव्हा आठ वर्षांचा होता, कोंबडी कापताना बघितली तरी दोन दिवस न जेवणारा. आई आणि मी गावाबाहेर टेंपोतच बसलो, मला पटांगणात यायला बंदी होती. लांबून हलगी ऐकू येत होती. ती थांबली. मग बराच वेळ काहीच ऐकू आलं नाही, आणि मग माणसं ओरडली. धाकट्याच्या अंगठ्याचं पेर गेलं होतं. तुम्ही त्याला फेट्यात गुंडाळून उचलून आणलंत, तुमच्या पाठोपाठ अर्धी यात्रा. आणि त्या सगळ्यांच्या देखत, टेंपोच्या फाळक्याशी उभं राहून, माझ्याकडे बघून तुम्ही म्हणालात, "घरात विटाळ हुता. मंतर बाटला." मग माझ्या एकटीसाठी, खालच्या आवाजात, "तुज्यामुळं."

नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण आम्हाला शाळेत होती. मला ती तेव्हा आठवली नाही. मला खरंच वाटलं माझ्यामुळं. नंतर शिकले, शहाणी झाले, तेव्हा वाटायला लागलं की मंत्र-बिंत्र सगळं झूठ, बिचाऱ्या पोराचा हात थरथरला असणार. म्हणजे बघा, तुमच्या खोटेपणातून सुटले ती दुसऱ्या खोट्यात जाऊन बसले. मागावर धागा तुटला की धाकट्याला तो अंगठ्याऐवजी मधल्या बोटानं सांधावा लागायचा, वेळ लागायचा. तुम्ही शेजारच्या मागावरून सुस्कारा टाकायचात. तो सुस्कारा या भिंतींत अजून आहे असं मला वाटतं. विंचू उतरवून घ्यायला लोक यायचे थांबले नाहीत. तुमचं काहीच थांबलं नाही. लिंबाचा खेळ तेवढा तुम्ही बंद केलात, आणि लोक म्हणाले, लेकीपायी एवढी मोठी विद्या गेली.

तर हा बँकेतला मुलगा पिशवी घेऊन निघून गेला आणि मी त्या आठवड्यात नवा नियम लिहिला. लिहिताना मला तुमचा राग आला होता हे लपवत नाही, रागातच तो सुचला. मंतरपटाईताची तलवार कमी केली नाही, मंत्रही कमी केला नाही. एवढंच लिहिलं, की तलवारीवर मंत्र चढवायचा असेल तर सोबत्यांपैकी कुणीतरी आपली पाळी खर्च करून, तळव्यावर काहीतरी घेऊन हात पुढे केला पाहिजे. तो 'हं' म्हणेपर्यंत मंतरपटाईताला वार करता येणार नाही. वार लागला तर पराक्रम दोघांच्या नावावर. आणि फासा चुकला तर जखम हात धरणाऱ्याला नाही, वार करणाऱ्याला. वर त्यानं सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायचं, चूक माझी. हे शेवटचं खेळाला तसं लागत नाही. ते मी तुमच्यासाठी लिहिलं.

बँकवाल्याला फोन केला, एकदाच ये, मग नको येऊस. रविवारी आला, दाराजवळची खुर्ची धरून बसला. मी गोष्ट कणकुंबीच्या रानासारख्या रानात नेऊन ठेवली होती, गच्च झाडी, गुहेच्या तोंडाशी राक्षस. धाकट्यानं तलवार उपसली. मी म्हटलं, हात कोण धरणार? नर्स म्हणाली, मी आत चोरी करतेय, मला वेळ नाही. तेव्हा बँकवाल्यानं मोबाइल उपडा ठेवला आणि हात खराच टेबलावर ठेवला, तळवा वर. नर्सनं त्यावर खोडरबर ठेवलं.

"म्हन की हं," धाकटा म्हणाला.

"थांब रं जरा. बघू दे, राक्षस कुठनं येतोय."

"आरं म्हन की, मरतोय मी हिकडं!"

"आत्ता कसं," बँकवाला म्हणाला आणि आणखी थोडं ताणलं. इतक्या रविवारांत पहिल्यांदा धाकटा दुसऱ्या कुणाच्या तोंडाकडे बघत बसला होता. आम्ही सगळे हसत होतो, तोही हसत होता. मग बँकवाला 'हं' म्हणाला, धाकट्यानं फासा टाकला, आणि तो वाईट पडला. मी कागद त्याच्यापुढे सरकवला. त्यानं वाचलं, "चूक माझी." मोठ्यानं वाचलं. खेळातली जखम लिहायची सोडून नुसता पेन धरून बसला. मग म्हणाला, "आक्का, ह्यो हं तू कुठनं आनलास?"

मी सांगितलं. सगळ्यांसमोरच सांगितलं, लपवण्यासारखं त्यात काय होतं? फिरणारा पट्टा, बांधलेले डोळे, माझा हुंकार. तो ऐकत होता आणि उजव्या हाताचा तो तोकडा अंगठा डाव्या मुठीत धरून होता.

"मला कुनी सांगितलंच न्हाय गं," तो म्हणाला. "आप्पा म्हनले, दगडागत बस, तोंडातनं चकार शब्द काडू नगो. मी श्वास बी धरून ठिवलेला. माजा हात हाललाच न्हाय, आक्का. तुला वाटत असंल हालला, समद्यांस्नी तसंच वाटतंय. मी बघत हुतो. हात हालला न्हाय. आप्पा फिरून आलं आनि थांबलं. लई वेळ थांबलं. मला वाटलं, मंतर म्हनत्यात."

मंत्र म्हणत नव्हतात तुम्ही, आप्पा. मंत्र तर आधीच म्हणून झाला होता. तुम्ही कान लावून उभे होतात. देवळापुढे, हजार डोळ्यांसमोर, डोळे बांधून तुम्ही माझी वाट बघत होतात, आणि मी गावाबाहेर टेंपोत बसले होते, तुम्हीच बसवलं होतंत म्हणून. फेटा वर सरकवता आला असता. "बोल रं, कुठं हायस?" एवढं विचारता आलं असतं. लोक हसले असते, अर्धी घटका हसले असते आणि जिलबी खायला गेले असते. पण मग त्यांना कळलं असतं की तुमच्या विद्येतला अर्धा वाटा एका पोरीच्या हुंकाराचा आहे. ते कळण्यापेक्षा तुम्हाला अंदाजानं पट्टा मारणं परवडलं. स्वतःच्या पोराच्या हातावर, अंदाजानं. आणि मग चोर सोडून संन्याशाला फाशी. किंवा असंही असेल, की आपण कशाची वाट बघतोय हे तुम्हाला स्वतःलाच कळलं नसेल. आपल्या मंत्रावर आपलाच इतका विश्वास बसला असेल, की काहीतरी कमी आहे एवढंच जाणवलं आणि काय ते सुचलं नाही. यातलं वाईट कुठलं, हे मला चार दिवस झाले तरी ठरवता आलेलं नाही.

धाकटा रडला वगैरे नाही. त्यानं कागदावर जखम लिहिली आणि बँकवाल्याला म्हणाला, "फुडच्या टायमाला लवकर म्हन जरा." बँकवाला म्हणाला, बघू. म्हणजे तो येणार आहे. रात्री मी भांडी आवरत होते तेव्हा धाकटा फोटोपाशी उभा होता. सुकलेला हार काढून त्यानं पिशवीत टाकला. नवा आणू का म्हणून दर वेळी मला विचारतो, या वेळी विचारलं नाही. नियम मी कंपनीला पाठवून दिलाय. त्यांनी कळवलंय की बाकी सगळं उत्तम आहे, फक्त ते चूक माझी म्हणायचं कशाला, काढून टाकू का? मी लिहिलं, ते काढायचं असेल तर माझं नावही काढा.

हे पत्र पाठवायला जागा नाही, आणि फोटोमागे खोचण्याइतकी मी भाविक नाही. टेबलाच्या खणात फाशांच्या डब्याखाली राहील. पत्र संपवायच्या आधी एकच सांगते, आणि ते सांगायचं माझ्या मनात नव्हतं. मंत्र तुम्ही मला शिकवला नाहीत, मला त्यातला एक शब्द येत नाही, आणि जगात मंत्र नसतो हे मला पक्कं ठाऊक आहे. पण आईच्या शेवटच्या दिवसांत कागदांवर सही करताना, गाडी घाटात उतरवताना, आत्ता हे लिहितानासुद्धा, हात थरथरायला लागला की मी कुणाचं लक्ष नाही बघून तळव्यावर फुंकर घालते. हात थांबतो, आप्पा. मला सगळ्यात जास्त राग त्याचाच येतो.